चौथा खटका

मी बँडमध्ये बेस वाजवायचो. बेस म्हणजे सगळ्यात मोठं पितळी वाद्य. त्याचा कर्णा आभाळाकडे तोंड करून असतो आणि वाजवणाऱ्याचा अर्धा चेहरा त्याच्यामागे झाकला जातो. लग्नाच्या व्हिडिओत क्लॅरिनेटवाला दिसतो, ट्रम्पेटवाला दिसतो, ढोलवाला तर दिसतोच दिसतो. माझी मात्र सगळ्या व्हिडिओंत मिळून टोपी आणि डावा बूट एवढंच आलं आहे.

हे नव्वदच्या दशकातलं. मी साताऱ्याच्या एमआयडीसीत टर्नर होतो, आणि लग्नसराईत सुट्ट्या जुळवून आमच्या गावच्या बँडबरोबर जायचो. गाव मेढ्याच्या वरच्या अंगाला. बँड उभा केला माझ्या चुलत्यांनी. त्यांना सगळे तात्या म्हणत, मीही. फौजेच्या बँडमध्ये बावीस वर्षं बेस वाजवून ते पेन्शनीवर आले होते. अंगाने किरकोळ, पण छाती पुढे काढून चालायची सवय गेलेली नव्हती.

छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या वस्तीनं गावाच्या दारात वाजवायला जाणं सोडून दिलं होतं. त्यामुळे तात्यांनी बँड काढायचं म्हटल्यावर विहारात बैठक बसली. जे टाकून दिलं ते पुन्हा कशाला उचलायचं, असं जुन्या माणसांचं म्हणणं. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "आवं, तवा बोलावलं की जावंच लागायचं. आता आमी कागद वाचून वाजवणार. ठरवून जाणार, पंगतीत बसून जेवणार. मान न्हाई तितं जाणार न्हाई." म्हातारी मंडळी लगेच राजी झाली असं नाही, पण कुणी अडवलंही नाही. तात्यांनी त्यानंतर एकच नियम घातला. नोटेशन वाचता येत नाही त्यानं युनिफॉर्म घालायचा नाही. मला ते शिकायला दीड वर्ष लागलं.

बेसला तीन खटके असतात. ते बोटांनी दाबले की हवेची वाट लांबते आणि सूर खाली जातो. अडचण अशी, की दोन-तीन खटके एकदम दाबले तर खालचे सूर थोडे चढे निघतात. तो वाद्याच्या घडणीचाच दोष आहे, वाजवणाऱ्याचा नाही. ओठ ढिले करून सूर खाली ओढावा लागतो, आणि उन्हात दोन तास चालल्यावर ओठांत तेवढी ताकद उरत नाही. फौजेत तात्यांच्या हातात जुना विलायती बेस होता. त्याला करंगळीसाठी चौथा खटका होता, आणि तो दाबला की खालचा सूर बरोबर जागेवर बसायचा. आपल्याकडे बँडपार्ट्यांना मिळणाऱ्या वाद्यांना चौथा खटका नसे. तात्या तीनावर वाजवत, पण एखादा खालचा सूर आला की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. शेजारी उभा असल्यामुळे ती मला दिसायची.

एका वर्षी लग्नसराई संपल्यावर सांगलीहून निरोप आला. तिथल्या बाजारपेठेत एक वाद्यांचं दुकान होतं. आमची पोचे आलेली वाद्यं तिथेच दुरुस्त व्हायची. उत्तरेतल्या ज्या कारखान्याकडून दुकानदार माल आणायचा, त्या कारखान्याचा माणूस येणार होता. त्यांना मोठ्या वाद्यांची नवी मॉडेलं काढायची होती आणि वाजवणाऱ्यांना काय हवं ते विचारायचं होतं. बेसवाल्यांना काय हवं असं आजवर कुणी विचारलेलं नव्हतं. आम्ही एसटीनं निघालो तेव्हा तात्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

दुकानामागच्या खोलीत आम्ही आठ-नऊ जण जमलो. पाटणहून एक गवंडी आला होता. सांगलीतला एक जण हळदीच्या बाजारात हमाली करायचा. आटपाडीकडचा एक उंच, सडपातळ माणूस होता. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, आणि तो घरातला पहिला बँडवाला. कारखान्याचा माणूस वही उघडून बसला आणि एकेकानं सांगायला सुरुवात केली. हमाल म्हणाला, वजन कमी करा, पोत्यानं खांदा दुखत नाही तेवढा यानं दुखतो. गवंड्याला आत साचणारं थुंकीचं पाणी काढायची किल्ली हाताशी हवी होती. चालता चालता अख्खं वाद्य उलटं करावं लागतं आणि लोक हसतात, असं तो म्हणाला. आटपाडीकर पुढे सरकला. मग म्हणाला, "कर्णा म्होरं वळवा. आमी वाजवतो ते समदं वर जातंय. वर हाय कोन ऐकायला, पाखरं?" सगळे हसले, पण कारखान्याच्या माणसानं ते लिहून घेतलं.

तात्यांची पाळी आली. त्यांनी फौजी हिंदीत चौथा खटका मागितला.

त्या माणसानं पेन खाली ठेवलं. तो उर्मट नव्हता, पण त्याचं म्हणणं असं, की खटका वाढवला तर काम वाढतं, आणि वरातीच्या गोंगाटात एवढा बारीक फरक ऐकतं कोण?

तात्या म्हणाले, "हम सुनते हैं."

मग त्यांनी दुकानदाराला पेटी आणायला सांगितली. मला पेटीचा एक खालचा सूर धरून ठेवायला लावला आणि दुकानातला बेस घेऊन तिन्ही खटके दाबून तोच सूर वाजवला, ओठांनी न सावरता. दोन सूर एकमेकांना घासत राहिले. खोलीत ती थरथर सगळ्यांना जाणवली, हमालानं तर तोंड वाकडं केलं. मग तात्यांनी ओठांनी सूर खाली ओढला आणि थरथर थांबली. असं त्यांनी तीनदा केलं. तिसऱ्या वेळी त्यांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या.

कारखान्याचा माणूस म्हणाला, "मास्टरजी, फिर से बजाइए." मास्टरजी हा शब्द मी तात्यांना उद्देशून पहिल्यांदाच ऐकत होतो. परतीच्या एसटीत ते कराड येईपर्यंत खिडकीतून उसाकडे बघत बसले.

दोन-अडीच महिन्यांनी पत्र आलं. चौथा खटका करून बघू, पण तो नेमका कुठे बसवायचा, करंगळीपर्यंतचं अंतर किती ठेवायचं, असं विचारलं होतं. उत्तर लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण ड्रॉइंग मला येत होतं. मी तात्यांचा पंजा मोजला आणि कागद काढला. तात्यांनी मला थांबवलं. म्हणाले, एकट्याच्या हातावर वाद्य घडत नसतं, बाकीच्यांचे हात बघ.

म्हणून मी रविवारी रविवारी फिरलो. कागदावर पंजा ठेवायचा आणि भोवती पेन्सिल फिरवायची. पाटणच्या गवंड्याची करंगळी कधीतरी दगडाखाली सापडलेली, ती पुरती वाकतच नव्हती. हमालाच्या पंजाचा कागद हळदीनं पिवळा झाला. आटपाडीला जायला पूर्ण दिवस लागला. त्या माणसाच्या बायकोनं मला जेवायला घातलं आणि विचारलं, सरकारी काम हाय का? मी सांगितलं, वाजंत्र्याचं माप हाय. ती म्हणाली, मग नीट घ्या. तात्यांचा आणि माझा धरून एकूण अकरा पंजे झाले.

ते सगळे कागद मी आमच्या पडवीत मांडले. नऊ हातांची करंगळी एक तर आखूड होती, नाहीतर कष्टानं ताठरलेली. चौथा खटका बाकीच्या तिन्हींच्या रांगेत आला असता, तर तो तात्यांना आणि मला जमला असता, बाकी कुणाला नाही. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली, बाजूला घेतला तर मात्र सगळ्यांना पोचत होता. पण तात्यांची बावीस वर्षांची सवय करंगळीची होती.

त्यांनी पिवळा कागद उचलून बराच वेळ पाहिला. "डाव्या हाताला दे," म्हणाले.

मी विचारलं, "आणि तुमचं?"

"मी शिकंन की रं."

ड्रॉइंग मी कंपनीतल्या सवयीनं तीन बाजूंनी काढलं, मिलिमीटरमध्ये मापं टाकली. पाण्याची किल्ली, पट्टा अडकवायची रुंद कडी, पुढे झुकलेला कर्णा, बाकीच्यांनी सांगितलेलं सगळं त्यात घातलं. सांगलीत विचारलं होतं त्याचं उत्तर अर्धं राहू नये, असं मला वाटलं. खाली अकरा जणांच्या सह्या घेतल्या. दोघांना सही येत नव्हती, त्यांचे अंगठे उठवले.

वाद्य आलं त्याच्या पुढच्या वर्षी, फेब्रुवारीत. लाकडी खोका, आत गवत. वजन काही फारसं कमी झालेलं नव्हतं. कर्णाही सरळ पुढे न वळता थोडासाच झुकला होता. पण किल्ली हाताशी होती आणि डाव्या बोटाखाली चौथा खटका होता. तात्यांनी पेटी मागवली, सूर धरायला लावला आणि फुंकलं. ओठांना काही करावं लागलं नाही. ते पुन्हा पुन्हा तोच एक सूर वाजवत राहिले. चुलतीनं आतून विचारलं, दुसरं काय वाजत न्हाई का ह्यात?

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी बोटं नव्यानं बसवली. चुकले की जुन्या सवयीनं करंगळी हवेत दाबायची, आणि मग स्वतःवरच चिडायचे. रोज सकाळी सहा ते सात, पन्नास-साठ दिवस. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आमचा बँड पुढे होता. मिरवणूक विहारापाशी थांबली आणि तात्यांनी बुद्धवंदनेची चाल एकट्या बेसवर धरली, अगदी खालच्या पट्टीत. एरवी बेस एकटा कधी वाजत नाही. पोरं नाचायची थांबली. बैठकीत नको म्हणणारे एक आजोबा काठी टेकून उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि वंदना संपेपर्यंत तशीच धरून ठेवली. मी तात्यांच्या बाजूला जुना बेस घेऊन गप्प उभा होतो. वाजवायची पाळी आली तेव्हा पहिले दोन सूर माझ्याकडून निघालेच नाहीत.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आम्ही सांगलीत एका लग्नाला गेलो होतो. नवरीकडचा बँड जतच्या पलीकडून, सीमेजवळून आलेला. त्यांच्या बेसवाल्याच्या हातात चार खटक्यांचं वाद्य होतं, चौथा डाव्या बोटाखाली. मी विचारलं, हे कुठलं मॉडेल? कानडी वळणाच्या मराठीत तो म्हणाला, "ह्याला सातारी म्हणत्यात. दुकानात सातारी द्या म्हटलं की हेच देत्यात."

मी तात्यांकडे पाहिलं. त्यांनी आपली ओळख सांगितली नाही. मला वाटलं मी सांगावं, पण त्यांनी माझा दंड धरला. त्या माणसाला एवढंच म्हणाले, "वाजवून दाखव, गड्या." त्यानं वाजवलं. चौथा खटका तो उशिरा सोडत होता. तात्यांनी पुढे होऊन त्याच्या बोटावर आपलं बोट ठेवलं, एक-दोन-तीन मोजत त्याला वेळ दाखवली, आणि सूर बरोबर लागेपर्यंत दोघं मांडवाच्या दारात तसेच उभे राहिले.