दोन म्हशींची गिटार

ऑर्केस्ट्रातला माणूस वाजवतो थोडा वेळ आणि वाट बघतो त्याच्या चौपट, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. नवरदेवाची वाट, करंटची वाट, पाहुण्यांचं भाषण संपायची वाट! या रिकाम्या वेळात चहा होतो आणि चहाबरोबर किस्से होतात. बेळगाव-निपाणी पट्ट्यातली लग्नं, जयंत्या आणि गणपती करत हिंडणाऱ्या आमच्या ऑर्केस्ट्राकडे ते इतके साठलेत की साउंडच्या टेम्पोत स्पीकरला जागा उरायची नाही.

त्यातले निम्मे शिवाच्या गिटारीचे. म्हणजे त्याच्याकडे होती तिचे थोडे, आणि नव्हती तिचे जास्त.

शिवा येळ्ळूरचा. दिवसा कारखान्यात मशीनवर, संध्याकाळी आमच्यात लीड गिटारवर. मी शाळेत गणित शिकवतो आणि कीबोर्ड वाजवतो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. हुबळीच्या एका दुकानात शिवानं एक परदेशी इलेक्ट्रिक गिटार बघितली आणि घेईन तर हीच, असं ठरवून बसला. पगारातून बाजूला टाकायला लागला. पण हा पैसे घेऊन जिना चढेपर्यंत किंमत वरच्या मजल्यावर गेलेली असायची. कधी डॉलर वाढला, कधी ड्युटी वाढली, कधी म्हणे लाकूडच मिळेना झालंय.

*

शिवानं घरात किंमत पहिल्यांदा सांगितली तेव्हा त्याचे वडील गोठ्यात होते. त्यांना आम्ही सगळेच आप्पा म्हणतो. आप्पांनी हातातली पेंडी खाली ठेवली.

"येवढ्यात दोन म्हशी येत्यात की रं."

"आप्पा, इम्पोर्टेड हाय ते."

"असंल की. दूध किती देतंय?"

तेव्हापासून आमच्यात गिटारीचा भाव म्हशीतच चालतो. पुढच्या वर्षी ती दोन म्हशी आणि एक रेडकू झाली. आप्पा मनाचे मोठे. म्हशीचे भाव पडल्याचं कानावर आलं की ते शिवाला कारखान्यात फोन लावायचे. "म्हशी उतरल्यात बघ. तुझं ते गिटार आजच इचारून घे." हे दोन भाव वेगवेगळ्या जागी ठरतात, हे काही शिवाला त्यांच्या गळी उतरवता आलं नाही.

*

शिवाला स्थळ आलं खानापूरकडचं. मुलीचे वडील जुन्या वळणाचे, सगळं आधी विचारून घेणारे. पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्यावर त्यांनी घसा खाकरला.

"पोराला काय नाद हाय का?"

आमचे बाळूअण्णा मध्यस्थ म्हणून बसले होते. ते ऑर्केस्ट्राचे मालक आणि ड्रमर. ते ठासून म्हणाले, "दारू न्हाय, मटका न्हाय, पान सुदिक खात न्हाय. फकस्त गिटार."

"तेवढं चालतंय की."

बाळूअण्णांना एवढ्यावर थांबता आलं असतं. पण कौतुकाच्या भरात त्यांनी पोरगं केवढ्या गिटारीसाठी पैसे साठवतंय तेही सांगून टाकलं. सासरेबुवांनी बोटांवर हिशेब केला.

"ह्यापरीस दारू परवडली असती," ते म्हणाले.

लग्न मात्र झालं. मुलीनं आतून निरोप पाठवला होता की मला गाणारं-वाजवणारं घर पाहिजे.

*

शिवाची जुनी गिटार म्हणजे एक प्रकरण होतं. तिची आवाजाची खुंटी स्वयंपाकघरातल्या मिक्सरची होती आणि आतल्या वायरी त्यानं इतक्या वेळा जोडल्या होत्या की कुठली कशाची ते त्यालाही सांगता येत नसे. अशी एखादी वायर सैल झाली की तिचा एरियल होतो. मग गिटार हवेतलं काय पकडेल याचा नेम नाही.

आणि तिनं ते पकडलं कुठं, तर येळ्ळूरच्या गणपतीत. शिवाचं स्वतःचं गाव, सीमावादात मराठीसाठी बाह्या सरसावणारं. शिवानं डोळे मिटून सोलो सुरू केला आणि स्पीकरमधून एका बाईंचा आवाज आला, अस्सल कानडीत. रेडिओवर शेतीची माहिती चालली होती. भातावरच्या करपा रोगाला कुठलं औषध किती पाण्यात मिसळायचं, ते बाई नीट समजावून सांगत होत्या.

बाळूअण्णांच्या काठ्या वरच्या वर थांबल्या. शिवा तारा दाबतोय, खुंटी पिळतोय, बाई काही थांबेनात. मंडळाची पोरं उठायच्या बेतात होती. तेवढ्यात पुढच्या खुर्चीवरचे एक आजोबा शांतपणे म्हणाले, "शिवा, गिटार कुठल्या मीडियमला घातलंयस रं?"

हशा पिकला आणि आम्ही वाचलो. दुसऱ्या दिवशी गावातल्या तिघाचौघांनी शिवाला गाठून औषधाचं नाव विचारलं. करपा सगळ्यांच्याच भातावर पडला होता.

*

आमच्या गायिका रेखाक्का निपाणीच्या. नर्सिंग कॉलेजात शिकवतात, त्यामुळे आवाजही गोड आणि दराराही तसाच. त्यांच्याच गल्लीत बुद्धजयंतीचा कार्यक्रम होता आणि शिवाची गिटार नेमकी दुरुस्तीला गेली होती. म्हणून बेंगळूरचा एक ओळखीचा गिटारिस्ट बोलावला. त्याच्याकडे होती ती तसलीच, दोन म्हशीवाली.

बाळूअण्णांनी किंमत संयोजकांच्या कानात सांगितली आणि सगळा मांडवच बदलला. गिटारीला स्टेजवर गादीची खुर्ची मिळाली. टेबल फॅन तिच्याकडे वळवला. एक कार्यकर्ता नुसता तिच्यासाठी उभा केला. रेखाक्का मात्र भर उन्हाळ्यात पदरानं वारा घेत एका कडेला उभ्या.

निवेदकानं पहिल्या गीताची घोषणा केली. रेखाक्का जागच्या हलल्या नाहीत. संयोजक धावत आले. "आक्का, चला की, म्हणा की."

"मी कशाला?" रेखाक्कांनी खुर्चीकडे बोट केलं. "पाहुणीलाच म्हणाय सांगा."

खुर्ची, फॅन आणि कार्यकर्ता, तिन्ही लगेच रेखाक्कांकडे आले. गिटार पाहुण्याच्या गळ्यात गेली.

*

शिवा सुट्टीला रेल्वेनं हुबळीला जायचा, नुसती गिटार बघायला. दुकानाचे मालक कानडी, स्वभावानं दिलदार. ते ओळखीनं त्याला थोडा वेळ वाजवू द्यायचे. रेखाक्का चिडवायच्या, "तू जाऊ नको रं, तू तोंड दाखवलंस की ती महाग होती."

एकदा तो असाच वाजवत बसला असताना एक कंपनीवाले साहेब आत आले. त्यांना शिवा दुकानातलाच वाटला. "भैया, ये वाली जरा सुनाओ ना." शिवाला काय, वाजवायला निमित्त पाहिजेच. त्यानं जीव ओतून वाजवलं. साहेबांनी डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तेव्हा त्यांनी खिशातनं कार्डच काढलं होतं.

ती गिटार गेली. साहेबांना वाजवता येत नव्हतं, हॉलमध्ये भिंतीवर लावणार होते. मालकांनी शिवाला चहा पाजला आणि तोंडभर आभार मानले.

स्टेशनवरून शिवाचा मला फोन आला. "मास्तर, जरा वाईट वाजवाय पायजे होतं बघा."

यावर आम्ही खूप हसलो. पण नंतर तसलीच दुसरी गिटार दुकानात आली, ती पार तीन म्हशींच्या भावाला, आणि शिवानं नादच सोडला. हुबळीला जाणं बंद. सोलो आला की म्हणायचा, "मास्तर, कीबोर्डवरच उरका." आमच्यातला सगळ्यात हसरा माणूस तो. तो असा गप्प झालेला मला बघवत नव्हता.

*

आणि एका रविवारी आप्पाच म्हणाले, "चल, मला दाखव ते काय हाय."

शिवा नको म्हणत होता. आप्पांनी त्याच्याकडून साठवलेले पैसे मागून घेतले, बंडीच्या आधीच फुगलेल्या आतल्या खिशात घातले आणि मला सोबत घेतलं. धोतर, टोपी, खांद्यावर टॉवेल, अशा थाटात आप्पा हुबळीच्या त्या एसी दुकानात शिरले. गिटारीभोवती एक फेरी मारली. पाठीवर थाप दिली. उचलून वजन बघितलं. मग खाली बसले. "वाजीव."

शिवानं वाजवलं. आप्पांनी त्याला स्टेजवर बघितलं होतं, पण असं समोर बसून कधी ऐकलं नव्हतं. वाजवून झाल्यावर ते उठले आणि थेट मालकांपुढे जाऊन उभे राहिले.

"सावकार, सांगा."

"अज्जा, फिक्स रेट," मालक हात जोडून म्हणाले.

आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि मालकांच्या जोडलेल्या हातांवर टाकला. आपला उजवा हात खाली घातला.

जनावरांच्या बाजारात सौदा असाच होतो. तोंडानं भाव कुणी सांगत नाही. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरायची, दाबायची, आणि बघणाऱ्यांना काही कळू द्यायचं नाही. शिवानं लाजेनं मान खाली घातली. मी मालकांच्या तोंडाकडे बघत होतो. ते आधी दचकले. मग त्यांचे डोळे बारीक झाले. मग हसले.

"नम्म अज्जानू दलाल," ते म्हणाले. त्यांचा आजाही बैलबाजारात दलालच होता!

मग टॉवेल हलायला लागला. मालकांनी मान नकारार्थी हलवली. आप्पांनी हात सोडला नाही. मालकांनी कपाळ पुसलं, आप्पांनी पुन्हा बोटं धरली. कानडी नाही, मराठी नाही, सगळं दुकान टॉवेलाकडे बघत उभं. शेवटी मालक "आयतु" म्हणाले, म्हणजे झालं. पैसे द्यायला आप्पा त्यांच्याबरोबर आत गेले आणि शिवाला हातानंच बाहेर थांबवलं.

परतीच्या गाडीत शिवा गिटार मांडीवर घेऊन बसला होता. खोकं त्यानं एकदासुद्धा खाली ठेवलं नाही. खानापूर गेलं तेव्हा त्यानं विचारलंच.

"आप्पा, खरं सांगा. माझं पैसे पुरलं का? कितीला दिलं त्यांनी?"

आप्पांनी टॉवेल पसरला, शिवाचा हात खाली ओढून घेतला आणि सावकाश एकेक बोट दाबत गेले. बराच वेळ.

"आप्पा, मला ह्यातलं काय कळत न्हाय."

"म्हणून तर सांगिटलं," आप्पा म्हणाले.