अण्णांचं बोट

अण्णा फोन उचलून कधीच लगेच "हॅलो" म्हणत नसत. रिसीव्हर कानाला लावायचा, क्षणभर गप्प राहायचं आणि पलीकडच्या श्वासावरून माणूस ओळखायचा. "बोला शिरोळचं पावणं, खोकला अजून हायच की!" असं ते म्हणाले की पलीकडचा माणूस आधी दचके आणि मग हसे. अण्णा जन्मांध होते. कोल्हापुरातल्या एका संस्थेच्या मुख्य कार्यालयात, जिन्याखालच्या अरुंद खोलीत, ते टेलिफोन ऑपरेटर होते. त्या खोलीत बल्ब नव्हता. कुणी लावतो म्हणालं तर म्हणायचे, "कशाला? फोनला दिसत न्हाय आन् मलाबी न्हाय."

मी राजारामपुरीतल्या एका लहानशा कॉम्प्युटरच्या दुकानात नोकरीला होतो. नव्वदच्या दशकात त्या कार्यालयातल्या यंत्रांची देखभाल आमच्याकडे आली आणि आठवड्यातून दोनदा माझी तिथे फेरी होऊ लागली. अण्णांनी माझं नाव पहिल्याच दिवशी बदललं. "ये कॉम्प्युटर, बस. हाताला शाईचा वास मारतोय. कुणाचा प्रिंटर मारलास आज?" दुपारचा डबा मी त्यांच्या खोलीत खाऊ लागलो. त्यांच्या घरून, कुरुंदवाडहून आलेली भरली वांगी ते निम्मी माझ्या डब्यात काढत. एक थेंबही सांडायचा नाही.

त्यांना शेकडो नंबर पाठ होते. पण त्यांना अभिमान होता तो डोक्याचा नव्हे, बोटाचा. उजव्या हाताची तर्जनी बटणांवरून अशी फिरायची की पाहत राहावं. त्यांनी चुकीचा नंबर लावल्याचं कार्यालयात कुणालाच आठवत नव्हतं. एकदा मी सहज कौतुक केलं, तर अगदी गंभीर झाले. म्हणाले, "डोळं न्हाईत त्याचं काय न्हाय रं. पर ह्ये बोट चुकाय लागलं तर माझ्याजवळ उरलं काय?"

आणखी एक त्यांचं पालुपद होतं. "आधी लायनीला बोलू द्यावं, मग आपण बोलावं." बटण दाबलं की ते थांबत, पलीकडून काय येतंय ते ऐकत आणि मगच पुढचं करत. मी घाईचा माणूस. एक कळ दाबून होण्याआधी माझं बोट दुसरीवर असे. "तुला कुठं आग लागलीया रं?" असं ते विचारायचे.

दोन हजार साल उलटल्यावर कार्यालयात आपोआप उत्तर देणारं एक्स्चेंज आलं आणि जिन्याखालची खोली बंद होणार असं ठरलं. साहेबांनी अण्णांना बोलावून सांगितलं की इंग्रजी पत्रं टाइप करून देता आली तर पत्रव्यवहार विभागात जागा आहे, नाहीतर स्वेच्छानिवृत्ती घ्यावी. अण्णा अंधशाळेत इंग्रजी टायपिंग शिकलेले होते. नोकरीची दहा वर्षं बाकी होती. तेव्हा मीच छाती पुढे काढून म्हणालो, "अण्णा, मी तुम्हाला बोलणारा लॅपटॉप देतो."

दुकानात एक जुना लॅपटॉप होता. त्यावर मी फुकट मिळणारी ऑपरेटिंग प्रणाली आणि पडद्यावरचं इंग्रजी वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर घातलं. सगळं चाललं. अडलं ते वरच्या ओळीतल्या खास कळांपाशी: आवाज वाढवणं, कमी करणं, उजेड कमीजास्त करणं. त्या दाबल्या तरी प्रणालीला त्यांचा अर्थ कळत नव्हता, कारण त्या मॉडेलसाठी तो समजावून सांगणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, कुणी लिहिलेलाच नव्हता. मी रविवारी दुकानात बसून एकेक कळ दाबत होतो, तिच्यातून कोणता आकडा येतो ते वहीत लिहीत होतो आणि ड्रायव्हर तयार करत होतो. महिनाभरात सगळ्या कळा चालू लागल्या. मला फार मोठं काही केल्यासारखं वाटलं.

सरावाच्या तिसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "कॉम्प्युटर, आवाज कमी करायची कळ दाबली की ह्येचं तोंडच बंद हुतंय बघ." मी लॅपटॉप ओढून घेतला. कळ दाबली, लगेच दोन शब्द टाइप केले. आवाज एक पायरी उतरला होता, बाकी सगळं ठीक. पुन्हा केलं, पुन्हा ठीक. मी म्हणालो, "अण्णा, कळ बरोबर आहे. तुमचं बोट रेंगाळतंय तिच्यावर."

ते बोट अंगठ्यावर घासत राहिले. मग म्हणाले, "आसंल. वय झालं."

साहेबांनी परीक्षेसाठी सोमवारी अकराची वेळ दिली होती. साहेब होते, आमचे दुकानमालक होते, मी होतो. साहेबांनी पत्र सांगितलं, अण्णांनी ते झरझर टाइप केलं, यंत्राने वाचून दाखवलं. साहेब खूश दिसले. म्हणाले, "वा! आवाज जरा कमी करा, शेजारी मीटिंग चालू आहे. आणि तिसरी ओळ बदलून घ्या."

अण्णांनी कळ दाबली. सवयीप्रमाणे थांबले, ऐकू लागले. आवाज उतरत उतरत नाहीसा झाला. वाढवायची कळ तिच्या शेजारीच होती आणि अण्णांना ती माहीत होती. पण त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि परत उचललेच नाहीत. आपलं बोट आता आणखी काही बिघडवेल, अशी भीती त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिली. ती त्यांच्यात मीच घातली होती.

"काय हो, मशीन बिघडलं का तुमचं?" साहेबांनी मला विचारलं. मालक माझ्याकडे रोखून बघत होते. कार्यालयातली सगळी नवी यंत्रं आमच्याकडून घ्यायचं घाटत होतं. मी म्हणालो, "मशीन ठीक आहे साहेब. त्यांच्याकडून कळ जास्त वेळ दाबली गेली." आणि हात लांब करून आवाज वाढवून दाखवला.

"व्हय साहेब," अण्णा म्हणाले, "माझंच बोट."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "राहू द्या अण्णा. या वयात कशाला दगदग?"

दोन दिवसांनी तो लॅपटॉप दुकानात परत आला. का कोण जाणे, मी तो चालू केला आणि कळांकडून आलेल्या आकड्यांची नोंद उघडली. प्रत्येक कळ दाबली की एक आकडा येतो, सोडली की दुसरा. आवाज कमी करणारी कळ मात्र सुटल्याचा आकडा पाठवतच नव्हती. त्यामुळे बोट उचललं तरी ती दाबलेलीच आहे असं प्रणाली धरून चालायची आणि आवाज शून्यापर्यंत नेत राहायची. मध्ये दुसरी कळ दाबली तरच ते थांबे. मी दाबून लगेच दुसरी कळ दाबायचो, म्हणून मला काही दिसलं नाही. अण्णा दाबून ऐकत थांबायचे. दोष पकडायची योग्य रीत त्यांचीच होती. ही कळ दाबली गेली की ती सुटल्याचं ड्रायव्हरने आपणहून कळवावं, एवढंच लिहायचं होतं. चार ओळींचं काम. मी ते त्याच दुपारी केलं आणि कुणालाही सांगितलं नाही.

निरोपाच्या समारंभात लोकांनी अण्णांच्या न चुकलेल्या नंबरांच्या गोष्टी सांगितल्या. मी मागच्या खुर्चीत बसलो होतो. जाताना त्यांनी माझा हात धरला. "तू लई केलंस रं माझ्यासाठी. वाईट वाटून घिऊ नगंस." मी मान हलवली. ती त्यांना दिसणार नव्हती, हेही मला सुचलं नाही.

पुढे मी पुण्याला गेलो, मोठ्या कंपनीत हेच काम करू लागलो. अण्णा वारायच्या आधी मी त्यांना एकदाच भेटलो, चार वर्षांनी, कुरुंदवाडला. सोप्यात बसलो. त्यांना लेकीला फोन करायचा होता, तर त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "तूच लाव की."

"तुम्ही नाही लावत?"

"कुठलं वो," अण्णांच्या पत्नी, काकू, दारातून म्हणाल्या. "घरी आल्यापासनं फोनच्या बटणाला हात लावला न्हाय. बोट चुकतंय म्हणत्यात."

मग मी सांगितलं. कळ, आकडे, न आलेला आकडा, माझी घाई, सगळं. ते पूर्वी फोन ऐकत तसे ऐकत होते, मान किंचित तिरकी करून.

"म्हंजे मी उचललं हुतं?"

"हो अण्णा. वेळेवर उचललं होतं."

"तुला कवा कळलं?"

"दोन दिवसांनी."

"आन् समारंभाला तू आलतास."

"हो."

त्यांनी तिरकी मान सरळ केली. "च्या दे गं त्येला," एवढं काकूंना म्हणाले आणि उठून, भिंतीला हात लावत, आत गेले.

मी चहा प्यालो. तासभर तसाच बसून राहिलो. आतून काही आवाज आला नाही. शेवटी काकूच म्हणाल्या, "जावा आता. येष्टी निघून जाईल."