दहा टक्क्यांचा संशय

माझे सासरे कॉलेजच्या रसायनाच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं सहायक होते. त्यामुळे आमच्या घरात आलेली प्रत्येक बाटली आधी आरोपी असते. केसांचं तेल असो की फिनाईल, सासरेबुवा लेबलावर पेन्सिलने पातळीची रेघ मारणारच.

चेहऱ्यावरच्या डागांसाठी मी ग्लायकोलिक ॲसिड आणलं, तेव्हा त्यांनी आधी चष्मा पुसला.

"ॲसिड? बत्तीस वर्षं आम्ही त्याच्या तोंडी लागलो नाही, आणि तू तोंडाला लावणार?"

"सौम्य असतं, बाबा. दहाच टक्के."

दोन थेंब स्वतःच्या कोपराच्या आत लावून ते दोन दिवस हात बघत बसले. काहीच झालं नाही, म्हणून त्यांचा संशय आणखी बळावला. शेवटी लेबल वाचून निकाल दिला: आठवड्यातून दोनदा, रात्री. दिवसा सनस्क्रीन लावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.

पण सोमवारी मला चष्म्याच्या दुकानात काउंटरवर रुजू व्हायचं होतं. तीन वर्षांनी मिळालेली नोकरी. गिऱ्हाइकापुढे आरसा धरायचा आणि आपलंच तोंड डागाळलेलं! मी रोज लावू लागले. वर मुरुमांचं दुसरं ॲसिडही, गुपचूप.

"दोनदाच ना?" ते विचारायचे.

"दोनदाच," मी नजर चुकवून म्हणायचे.

बाटलीतली पातळी भराभर उतरत होती आणि त्यांनी ती पाहिली होती. बाटली खिडकीतून कपाटात गेली. झाकणाला टेप आली. दुकानदाराला दोनदा फोन झाला. ही माझ्यावरच पाळत आहे, असं वाटून मी मनातून चरफडत होते.

शनिवारी सकाळी गाल लालबुंद झाले, सालं सुटू लागली. नुसतं पाणी लागलं तरी आग होत होती. त्यांनी लगेच थंड पाण्याने तोंड धुवायला लावलं, साधं क्रीम दिलं.

"आता दुसरं काही लावायचं नाही. सालं ओढायची नाहीत. आग थांबली नाही तर डॉक्टरकडे जायचं."

मला रडूच फुटलं. "बाबा, मी रोज लावत होते. खोटं बोलले तुमच्याशी. आता सोमवारी अशी कशी जाऊ?"

"जायचं. तोंड ताळ्यावर येईल. नोकरी पुन्हा येणार नाही."

मग बाटली हातात घेऊन त्यांनी झाकणावरची टेप सोलून काढली.

"मला वाटलं, बाटली गळते," ते म्हणाले.