मुक्या लोहाराकडची कातर

त्या दिवशी भात्यापाशी आमी चौघंच व्हतो. माझे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची. माझी सासू आत्याबाई, ती घण मारायची. पाटलाचा गडी इठोबा, तो तमंचा घेऊन आला व्हता. आन मी, भाता वढायला. ते तिघं बी गेले. मी राह्यले, म्हणून सांगायलेय. नात लिहून घ्यायलीय.

मामंजीला गाव मुका लोहार म्हणायचं. मुके न्हवते. पण बोलणं इतकं कमी की झरी गावाकडून आलेला नवा माणूस हातवारे करून मोडकी कुऱ्हाड दाखवायचा, आन मामंजी बी तसेच हातवारे करून उद्या ने म्हणायचे. आत्याबाई घण टेकवून हसायची. मला म्हणायची, "तुज्या सासऱ्यानं लग्नात बी मुंडी हालवूनच हो म्हणलं, पोरी."

त्यांचा एक नेम व्हता. एकाच्या घरचं काम दुसऱ्याला सांगायचं न्हाई. कोणी दाराला नवी कडी केली, कोणी कुऱ्हाड तापवून, पाणी देऊन कडक करून घेतली, हे लोहार बोलला तर भावाभावात डोकी फुटतेत. मी नवी नवरी व्हते तवाच त्यांनी मला बजावलं व्हतं. "लोहाराच्या पोटात गाव ऱ्हातं, सूनबाई. पोट उघडं टाकू न्हाई." एवढं लांब बोलणं मी त्यांच्या तोंडून पयल्यांदा ऐकलं.

दुसरा नेम, ऐरणीवर आलेली वस्तू मोडकी परत धाडायची न्हाई. वखराची फास असो का मोटेचं कडं असो. आमी बलुतेदार. पाटलाला न्हाई म्हणायची सोय बी न्हवती.

पाटलाचा तमंचा म्हणजे गावाची मस्करी व्हती. हैद्राबादेहून आणलेला, सहा गोळ्यांचा, दिसायला लय देखणा. एकदा पोळ्याला पाटलानं मानाच्या बैलापुढं बार काढायला चाप वढला. टिक. पुन्यांदा वढला. टिक. बैलानं कान बी हालवला न्हाई. तवापासून लेकरं बी पाटलाच्या माघारी टिक टिक करायची. गोळीवर पडणारा माघला घोडा अंगठ्यानं मागं वढून मग चाप दाबला, तर बार व्हायचा. पण तसं करायचं पाटलाला कमीपणाचं वाटायचं. हत्यार हाय का उखळ, म्हणायचा.

ते निजामाच्या राज्याचे शेवटाचे दिवस. रोज कुठं ना कुठं लुटालुटीची बातमी यायची. इठोबा म्हणला, "पाटील म्हणायलेत, उद्या गावावर कोणी चालून आलं तर काय टिक टिक करू का? नीट करून दे." मामंजीनी मुंडी हालवली.

आदी गोळ्या काढून इठोबाच्या हातात दिल्या. मग घोडा पडतो तिथं चामड्याचा तुकडा धरला. अंगठ्यानं घोडा वढून सोडला, तर चामड्यावर खोल खड्डा. नुसता चाप वढला, तर नखानं टोचल्यासारखा. दोन्ही खड्डे मला दावले, का कोण जाणे. म्हणले, "घोडा अर्ध्या वाटंवरनंच माघारी फिरायलाय. त्याला ढकलणारी कमान बी थकली." मंग उघडून बघितलं तर आत जुनं तेल डिंकासारखं आळलेलं. ते घासलेटानं धुतलं, कमान दुसरी केली, तिला पाणी दिलं. पुन्हा चामडं धरलं. आता दोन्ही खड्डे सारखे. इठोबा तमंचा कमरंला खोसून गेला.

तो गेला आन थोड्या येळानं म्हाळू धनगर आला. वाटंवरच पाल ठोकून राह्याचा, मेंढरं घेऊन गावच्या रानात बसायचा. बोलका गडी. लोकर कातरायची कातर बोथट झाली म्हणून धारेला टाकायला आला व्हता. उंबऱ्यावर बसला आन सांगायला लागला, की पाटील काल बांधावर येऊन वरडला, मेंढरं ज्वारीत आली तर उडवून टाकीन. "उडवतो म्हणं, मामा. कशानं? त्या तमंच्यापरीस माझी बकरी जोरात शिंकती."

आत्याबाईनं मामंजीकडं बघितलं. मी भाता सोडला. मामंजीचा हात कातरीवर थांबला.

"म्हाळू," ते म्हणले.

"काय, मामा?"

मामंजीनी कातर उघडझाप करून बघितली. मला वाटलं, बोलतेत आता.

"कायी न्हाई. सांजच्याला ये. कातर ने."

म्हाळू गेला. आमी कोणीच त्याच्या माघारी आवाज दिला न्हाई. पाटलाचं काम व्हतं ते. बोलायचं न्हवतं.

सांजच्या आदीच वरडा झाला. मेंढरं ज्वारीत शिरली व्हती. पाटलानं तमंचा काढला, तर म्हाळू पळाला न्हाई. पळंल कशाला? छाती पुढं करून हसत हुबा राह्यला. "वढा पाटील, बघू आज तरी शिंकतो का," असं म्हणला म्हणं. पाटलानं चाप वढला. गोळी उजव्या खांद्यात गेली.

जीव वाचला. हात गेला. खांद्यापासून नुसता लोंबायचा, मेलेल्या कोंबड्यावाणी.

चावडीत पंच बसले. पाटील म्हणला, मी भ्या दावायला वढला, आजवर कधी उडला व्हता का, गावाला इचारा. गाव काय सांगणार? नुसता चाप वढून खरंच उडत न्हवता. मंग मामंजीला बलावलं. आमी बायका भिताडाच्या आडून ऐकायलो व्हतो. पंचानं इचारलं, "लोहारा, हा तमंचा तुज्याकडं आला व्हता का नीट करायला?" म्हाळूची बायको तोंडात पदर धरून मामंजीकडं बघायली व्हती. मामंजी म्हणले, "गिऱ्हाइकाचं काम मी बोलत न्हाई." आन मुंडी खाली घातली.

पाटील सुटला. चुकून झालं म्हणून सुटला.

त्या साली खळ्यावर पाटलाकडून बलुतं जास्ती आलं. मामंजीनी परत धाडलं न्हाई. घरात लेकरं व्हती. मी त्याच ज्वारीच्या भाकरी थापल्या, आमी समद्यांनी खाल्ल्या. जेवताना कोणी कोणाच्या तोंडाकडं बघत न्हवतं. त्याची लाज अजून जात न्हाई. भाकर खाताना कवा कवा हात थांबतो.

कातर आमच्याकडंच राह्यली. मामंजीनी तिला धार लावली, फडक्यात बांधली आन म्हाळूच्या पालाकडं निघाले. तशीच घेऊन परत आले. आत्याबाईनं इचारलं, दिली न्हाई का. म्हणले, "त्याची बायको दात लावून लोकर तोडायली व्हती. म्हाळू डाव्या हातानं मेंढरू धरून बसला व्हता. कातर द्यायला कोणत्या तोंडानं जाऊ?" मंग म्हाळूनं मेंढरं इकली आन बायकापोरं घेऊन राणीसावरगावाकडं गेला. ऐरणीवर आलेली वस्तू नीट करूनच परत धाडणाऱ्या माणसाच्या घरात ती कातर बसली.

त्याच्यानंतर मामंजी बदलले. नेम मोडला. कोयत्याला धार लावली तरी हाका मारत मागं जायचे, "याला नवी धार हाय, लेकरापासून जपा." कोणाचं कुलूप नीट केलं तर गल्लीत चौघाला सांगायचे. लोक हसायचे, लोहारानं दवंडी धरली म्हणायचे. भावकीत भांडणं बी झाली त्यांच्या बोलण्यानं. शिव्या खाल्ल्या. गप्प बसले न्हाईत. मला एकदा म्हणले, "एकदा गप्प बसायचं न्हवतं, तवा बसलो. आता बोलून काय व्हतंय, सूनबाई. पण बोलतो." सरते येळेला बी भात्याच्या कोपऱ्यातल्या फडक्याकडं बघत व्हते. 

दर दसऱ्याला मी ती कातर धुते, तेल लावते. धार अजून तशीच हाय.

हे वाचणारा कोणी राणीसावरगावाकडचा असला, तर म्हाळू धनगराचं घर इचारावं. लेक असंल, नातू असंल. त्यांना सांगावं, तमंचा मुक्या लोहारानंच नीट केला व्हता, आन म्हाळूला ते ठावं न्हाई, हे त्याला म्हाईत व्हतं. आमाला बी व्हतं. मंग सांगावं, तुमची कातर आमच्याकडं हाय. घेऊन जावा.