आधी गिटार फेट्यावर

जालिंदर कुणाला मारायच्या आधी गळ्यातली गिटार उतरवून ठेवायचा. अँपच्या डोक्यावर एक जुना पिवळा फेटा घडी घालून ठेवलेला असे. त्यावर तिला आडवी निजवायचा, अँपच्या वायरीची पिन तिच्यातून काढायचा आणि मग स्टेजवरून खाली उडी मारायचा. जुन्नर-आंबेगावातल्या जत्रांना हे इतकं पाठ झालं होतं, की त्यानं गळ्यातला पट्टा नुसता चाचपला तरी पुढच्या रांगेतली टगी पोरं चपला शोधायला लागत.

मी आमच्या ऑर्केस्ट्रात गायची. नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्न, जत्रा, गणपती, जिथली सुपारी मिळेल तिथं आम्ही जीप भरून जायचो. गाणाऱ्या बाईला स्टेजवर काय काय ऐकावं लागतं ते सांगत बसत नाही. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. जालिंदरला ते जमत नसे. ओझरजवळच्या एका लग्नात नवरदेवाचा मामा माझ्याकडे बघून काहीबाही बरळला, तर यानं त्याला मांडवाच्या खांबावर असा आपटला की वरची झालर खाली आली. मामाच्या नाकातून रक्त, वऱ्हाडाच्या हातात खुर्च्या आणि आम्ही ताटं सोडून जीपमध्ये. वाटेत मी म्हटलं, "अरे जालिंदर, तुझ्यापायी आज सगळे उपाशी."

"ताई, उपाशी झोप लागती. त्येचं ते ऐकून लागली नसती," तो म्हणाला आणि सोललेली मूठ पाण्याच्या बाटलीनं धुऊ लागला.

त्याच्या रागाची मी आरती ओवाळत नाही. विहिरीवरच्या मोटारीच्या भांडणात त्यानं सख्ख्या भावाचा दात पाडला होता. त्याच भावाची मोटार जळाली की मात्र हाच ती भरून द्यायचा, न बोलता. धंदाच तो होता. कळंबला रस्त्याकडेला त्याचं मोटारी भरायचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार उपसायची आणि नवी गुंडाळायची. दिवसभर तेच काम आणि सुपारी असली की गिटार.

ती गिटार त्यानं पुण्याच्या जुन्या बाजारातून आणली होती. तिचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज ओढून अँपकडं धाडणारी गुंडाळी, मेलेला होता. नवा विकत मिळत होता, पण दुसऱ्याच्या हातची गुंडाळी म्हणजे त्याला उष्टं वाटायचं. भंगारातल्या रिलेची केसाहून बारीक तार, फुटक्या स्पीकरचं चुंबक, आणि फिरवायला ड्रिल मशीन. तार पुन्हापुन्हा तुटायची, आणि प्रत्येक वेळी तो शेजारचा टपरीवाला टपरीतून बाहेर येईल अशी शिवी हासडायचा. शेवटी एकदाचा पिकअप बसला, अँप चालू झाला आणि त्यातून पीठगिरणीसारखी घरघर यायला लागली.

त्यानं आधी अँपला लाथ घातली. मग गिटार उघडून आतली पोकळी सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीनं मढवली. घरघर थोडी कमी झाली, थांबली नाही. गुंडाळीची टोकं उलटसुलट जोडली. नाही. आमचा कीबोर्डवाला वसंता हसत म्हणाला, "गिटार हाय का चक्की? दळान आनू का?" जालिंदरनं हातातली सोल्डरगन शांतपणे बाजूला ठेवली आणि वसंताच्या कानाखाली अशी दिली की तो दाराबाहेरच्या मोटारींवर जाऊन पडला.

मग तो माझ्याकडे वळला. "ताई, घरघर म्हंजी कुटंतरी तुटलंय. आदी तुटलेलं हुडकायचं." हे तो नेहमी म्हणायचा, आणि नेहमी कुणाला तरी मारल्यानंतर म्हणायचा.

त्याला ते सापडलं. पिनेच्या लोखंडाला बोट लावलं की घरघर थांबत होती, गिटारच्या तारांना लावलं की थांबत नव्हती. "ह्या तारा अनाथ हायेत. ह्यांना जमिनीचा पत्ताच न्हाई," तो म्हणाला. तारा ज्या लोखंडी पट्टीला अडकतात, तिथून पिनेच्या अर्थिंगपर्यंत त्यानं वीतभर वायर ओढली, कथलाचा डाग दिला आणि अँप लावला. तारांवर हात ठेवला की आता चिडीचूप. तो लहान मुलासारखा हसला. मग हसता हसता थांबला.

"पर ताई, आता तारा अँपच्या पत्र्याला बांदल्या गेल्या. पत्र्यात करंट आला तर थेट माज्या हातात."

त्या दिवसापासून त्यानं नियम केला. माईक मांडववाल्याच्या जनरेटरवर असायचा आणि आमचे अँप गावच्या लाईनवर, म्हणून तो रोज एका हातात तारा धरून दुसऱ्या हाताच्या बोटांची पाठ माईकला टेकवून बघायचा. "पयलं माजं बोट, मग तुमचं तोंड," असं म्हणायचा. बोटाला चटका बसला तर काम नीट होईपर्यंत कार्यक्रम बंद. लोकांनी दगड मारले तरी बंद.

ती जत्रा भीमाशंकरच्या वाटेवरच्या एका गावातली. चैत्रातली दुपार, जमीन भेगाळलेली. सुरुवातीला त्यानं माईक तपासला, ठीक होता. मग गाण्याच्या मध्येच आमचे अँप गप झाले. लाईनचा न्यूट्रल गेला होता. आता आपल्याकडं न्यूट्रल गेला म्हणून वायरमनची वाट कोण बघतो? शेतावर सगळेच करतात तेच तिथल्या एका हुशारानं केलं. अर्थिंगची तार न्यूट्रलच्या जागी खोचली आणि अर्थिंगच्या सळईच्या बुडाशी घागरभर पाणी ओतलं. अँप चालू झाले, शिट्ट्या पडल्या. तापलेल्या मातीत पाणी जिरून गेलं, आणि जमिनीत जायचा तो करंट अँपच्या पत्र्यात आला, तिथून गिटारच्या तारांत. फळ्यांच्या स्टेजवर रबरी चपला घालून उभ्या असलेल्या जालिंदरला ते कळायला मार्ग नव्हता, जनरेटरच्या अर्थिंगला जोडलेल्या माईकला हात लागेपर्यंत.

मी माईककडे निघाले, तसा त्यानं हात आडवा घातला. "थांबा ताई. लाईन बदललीय. माजं बोट लागू द्या."

लोक ओरडायला लागले. तेवढ्यात एक दारू प्यालेला स्टेजवर चढला, त्यानं माझं मनगट धरलं आणि मला माईककडे ओढलं. "गा की. लई भाव खाती."

मी जालिंदरकडे पाहिलं. तो फेट्याकडे वळलाच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं गिटार उतरवली नाही. डाव्या हातात गिटारची मान तशीच ठेवून, त्या माणसाच्या डोक्यात घालायला त्यानं उजव्या हातानं माईकचा लोखंडी स्टँड पकडला.

स्टँड उचललाच गेला नाही. जालिंदर ताठ झाला, दात आवळले गेले, गळ्यातून गुरगुर यायला लागली. दारुड्याला वाटलं हा चिडलाय, तो उडी टाकून पळाला. वसंता त्याला धरायला धावला. "हात लावू नको," मी ओरडले. ढोलकीवाल्याचं लाकडी स्टूल उचललं आणि गिटारच्या मानेवर आवळलेल्या त्याच्या बोटांवर घातलं. बोटं सुटली नाहीत. मग मी जीव खाऊन मारलं. हाडं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी पुन्हा मारलं. बोटं सुटली आणि तो स्टँडसकट खाली कोसळला. त्याचा श्वास चालू होता. त्याआधी मी कधी मुंगीसुद्धा मुद्दाम मारलेली नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, मारामारीची केस आहे का. जालिंदर डोळे मिटूनच म्हणाला, "मारामारीच हाय. बाईनं मारलं. बरुबर जागेवर मारलं." मग मला म्हणाला, "गिटार?"

"फेट्यावर ठेवलीय."

"पिन काडून?"

"काढून."

मग तो झोपला.

डाव्या हाताची बोटं वाकडी जुळली. मोटारी भरता येत, वेळ लागायचा. गिटार मात्र संपली. राग तेवढाच राहिला. पण हात उचलायच्या आधी तो सवयीनं गळ्यातला पट्टा चाचपायचा, आणि तो नाही हे कळेपर्यंत समोरचा निसटून जायचा. एकदा दुकानात त्याच्या बोटांकडे बघून मला रडू आलं. तो म्हणाला, "ताई, मी येवड्या लोकांना मारलं, कुनाचंबी भलं झालं नाय. तुमी एकदाच मारलं, तर मी जित्ता हाय."

पुढं काही वर्षांनी, दोन हजारनंतर, त्याच दुकानात काम करता करता त्याची छाती दुखायला लागली आणि तो गेला. त्याआधी त्यानं गिटार माझ्याकडं पाठवली होती, पिवळ्या फेट्यात गुंडाळून. सोबत वसंताच्या तोंडून निरोप होता, "ती वायर तोडलीय. घरघर करंल. करू द्या."

आता माझी मुलगी ती वाजवते. "आई, ही किती घरघरते, दुरुस्त नाही का होत?" असं विचारते. होते. वीतभर वायर जोडली की थांबते. मी जोडू देत नाही, आणि का ते तिला सांगितलंय. वाजवून झालं की ती पिन काढते आणि गिटार फेट्यावर ठेवते. घरघर थांबते आणि मला जालिंदरची फार आठवण येते.