इफ्तारच्या ड्युट्या आणि मावशीचे मार्क

बाळांनो, तुमची मावशी यंदा डॉक्टरकीच्या बोर्डाच्या परीक्षेला बसणार नाही, हे तुमच्या आईने सांगितलं असेल. का, ते तिलाही नीट ठाऊक नाही. मी, तुमची आजी, मावशीकडे जेद्दात राहते, म्हणून मला ठाऊक आहे, आणि माझ्याच्याने गप्प बसवत नाही.

मावशी इथल्या इस्पितळात काम करत लहान मुलांची डॉक्टर व्हायचं शिक्षण घेते. शेवटी बोर्डाची मोठी परीक्षा. त्याआधी दर वर्षी एक सराव परीक्षा होते, कोण कशात कच्चं आहे ते कळावं म्हणून. पण तिच्या विभागप्रमुखांचं ठाम मत आहे की सरावात जो खाली, तो बोर्डात आपटणारच.

यंदा ही परीक्षा रमजानच्या सुरुवातीला आली. रमजानात मावशी संध्याकाळच्या ड्युट्या स्वतःहून घेते. बाकीच्यांना रोजा घरी सोडता यावा म्हणून. आपसातली अदलाबदल, कागदावर काही नाही. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळीही ती वॉर्डातच होती, आणि सकाळी तशीच पेपरला गेली. मार्क घसरले. प्रमुख म्हणाले, एक वर्ष थांब.

"का घसरले ते सांगितलंस?" मी तिला विचारलं.

"त्यांनी विचारलं नाही."

"मग आपण सांगावं."

"काय सांगू त्यांना, आई? तुम्हाला वेळेवर जेवता आलं, म्हणून मला पुढे पाठवा?"

मला याचाच राग येतो. तापाचं मूल आणलं की हेच लोक विचारतात, कधीपासून आहे, झोपलं होतं का, काय खाल्लं. आपल्याच माणसाचा आकडा उतरला तर एकही प्रश्न नाही.

ईदनंतर तिची मैत्रीण खजूर भरलेली मामूल बिस्किटं घेऊन आली. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मावशीने तिचीच ड्युटी केली होती. ही मैत्रीण मात्र यंदा बोर्डाला बसणार आहे.

"खाला, वॉर्डात अडलं की मी हिलाच विचारते," ती मला म्हणाली.

"हे तुझ्या साहेबांना सांग," मी म्हणाले.

मावशीने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. "खलास, पुरे आता, आई. चहा घे."

पण मैत्रीण सरळ मनाची निघाली. दुसऱ्याच दिवशी तिने प्रमुखांना सगळं सांगितलं. त्यांनी मावशीला बोलावून फार कौतुक केलं. निर्णय बदलला नाही. उलट पुढच्या रमजानातल्या संध्याकाळच्या ड्युट्या आतापासूनच तिच्या नावावर लावून टाकल्या.

"बरं झालं," मावशी बूट काढत म्हणाली, "आता मागून घ्यायला नकोत."

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून पाहिलं. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. पुढच्या वर्षीची सराव परीक्षा त्याच्या बरोबर मध्यावर येते आहे.