लग्नाच्या कॅसेटवरचा रॉक शो

तीन माणसं तीस वर्षं एकमेकांच्या नादी लागली की किस्से साठवावे लागत नाहीत. माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे ते आपोआप साठतात. आमचे तर इतके झालेत, की आम्ही सुरू झालो की बायका उठून आत जातात. तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

तिघं म्हणजे मी, किशोर आणि ललित. मी जळगावात बाथरूमच्या टाइल्स विकतो, किशोर चोपड्याकडे केळी लावतो, आणि ललित वडिलांचं कापड दुकान सांभाळतो. पण कॉलेजात असताना आम्ही रॉक बँड होतो. हसू नका! नाव होतं 'फॉर्टी एट डिग्रीज'. जळगावच्या मे महिन्याला याहून मोठी मानवंदना आजवर कुणी दिलेली नाही.

*

मागच्या महिन्यात वांग्याचं भरीत जरा जास्तच झालं. रात्री एक वाजता ॲसिडिटीने उठवलं, म्हणून टीव्ही लावला. आमच्या लोकल केबलवर रात्री जुन्या लग्नांच्या कॅसेट दाखवतात. एक व्हिडिओ शूटिंगवाला दुकान बंद करून गेला, त्याच्याकडून केबलवाल्याने पोतंभर कॅसेट उचलल्या. त्याला हा माणूस चॅनेल म्हणतो!

त्या रात्री मंगलाष्टकांऐवजी नुसता धूर दिसला. धुरात एक काटकुळा, केसाळ पोरगा गिटार घेऊन अंगात आल्यासारखा घुमत होता. "काय हा अवतार!" मी म्हणालो. मग शर्ट ओळखीचा वाटला. शर्ट माझाच होता. आतला माणूसही मीच होतो.

बायकोला हलवून उठवलं. "अगं बघ, मी टीव्हीवर!"

तिने एक डोळा उघडला. "काहीही! त्याला केस आहेत," म्हणाली आणि कूस बदलली.

*

किशोर आमचा गायक. त्याचं इंग्रजी यथातथाच, पण गाणं इंग्रजीच हवं हा हट्ट. मग शब्द आठवले नाहीत की तो कीटकनाशकांची नावं ओरडायचा. घरी शेती, त्यामुळे साठा भरपूर. वर डोळे मिटून, घसा फाडून! कॉलेजच्या पोरींना वाटायचं, काय दर्द आहे याच्या आवाजात.

एकदा त्याच्या गावचे एक नाना कार्यक्रमाला आले. किशोर ऐन रंगात. नाना पहिल्या रांगेतून उठले आणि हात वर करून ओरडले, "किशोर, ते औषध मी मारी पाह्यं रे भाऊ! काहीच फरक पडना नही!"

*

आमचा पहिला आणि शेवटचा परगावचा दौरा म्हणजे धुळं. 'मोठा प्रोग्राम शे' एवढाच निरोप होता. गेलो तर वरात! नवरदेव घोड्यावर आणि मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ड्रमसेटसकट आम्ही.

नवरदेवाच्या मामाने आधीच दम भरला, "तुम्हले जे वाजाडनं शे ते वाजाडा, पन घोडं बिचकाले नको!"

दोन तास आम्ही घोड्याच्या मर्जीने रॉक वाजवला. नंतर पुष्कळांनी आमच्यावर टीका केली, पण त्या घोड्याइतका कडक समीक्षक पुन्हा भेटला नाही.

*

आता टीव्हीवर दिसला तो शो. कॉलेजच्या मैदानावर आम्ही गावातला पहिला रॉक शो ठेवला. त्याचं शूटिंग लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे दिलं, कारण दुसरा कुणी नव्हताच. तो सज्जन माणूस होता आणि त्याला एकच धर्म ठाऊक होता. लग्नाला आलेला प्रत्येक पाहुणा कॅसेटमध्ये दिसलाच पाहिजे, नाहीतर वर्षभर रुसवेफुगवे. त्यामुळे स्टेजवर त्याने दहा मिनिटं घालवली आणि मग कॅमेरा घेऊन रांगांमधून फिरला. एकेका चेहऱ्यासमोर थांबायचा, माणूस हसल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. मागे आमचं संगीत चालू!

जी दहा मिनिटं आमच्या वाट्याला आली, त्यांवर त्याने लग्नातली सगळी सजावट केली. माझ्यावर अक्षता पडतात. किशोर बदामात उगवतो. आणि ललित एका फिरत्या गुलाबाच्या आत बसून ड्रम बडवतो.

त्या रात्री टीव्हीवर पहिली रांग सुरू झाली आणि मी बंद करून झोपलो. लोकांची तोंडं कशाला बघायची?

*

सकाळी ललितला फोन केला. वाटलं, खूश होईल. तो कुजबुजला, "घरी कुणी बघितलं तर?"

ललितचं प्रकरण वेगळं होतं. त्याचे वडील, बाबूजी, मारवाडी कापडवाले, शिस्तीचे. मुलगा ड्रम वाजवतो हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आपल्या घरात लोक लग्नात वाजवून घेतात. वाजवत नाहीत." ललितने आईच्या गळ्याची शपथ घेऊन सांगितलं, सोडलं. अर्थात सोडलं नाही. शोच्या दिवशी बाबूजी माल आणायला सुरतेला आणि आई प्रवचनाला, म्हणून तर तो निर्धास्त होता.

आई जाऊन सहा वर्षं झाली. ती खोटी शपथ ललितला अजून सलते. पन्नाशी उलटली, नातू झाला, पण बाबूजींना हे कळू नये म्हणून तो आजही घाबरतो.

आणि बाबूजींना आता रात्र रात्र झोप नाही. ते हेच चॅनेल लावतात. कुठल्याही लग्नातली बाई दिसली की बोट दाखवतात, "ही साडी आपल्या दुकानची." बहुतेक वेळा खरंही असतं.

"त्या रात्री त्यांच्या खोलीतला दिवा बंद होता," ललित म्हणाला. "वाचलो!"

*

कसला वाचतोय? आठवड्याने टीव्हीवर पट्टी फिरली. लोकाग्रहास्तव रविवारी दुपारी तीन वाजता पुन्हा, जळगावचा पहिला रॉक शो!

आम्ही केबलवाल्याकडे धावलो. म्हटलं, बाबा, नको दाखवू.

"असं कसं भाऊ? आग्रह आहे! चार दिवसांपासून एका माणसाचा रोज फोन येतोय."

तीस वर्षांनी आम्हाला एक चाहता मिळाला होता, आणि आम्ही त्याच्या जिवावर उठलो होतो!

रविवारी ललितने घरच्या टीव्हीची वायर काढून ठेवली. बाबूजींनी केबलवाल्याला फोन केला, नंबर तोंडपाठ. तो पाच मिनिटांत हजर. एरवी तीन दिवस येत नाही! मग मी आणि किशोर जिलबी घेऊन पोचलो, बाबूजींना बोलण्यात गुंतवायला. किशोरने केळीवरच्या करपा रोगाचा विषय काढला. "गप्प बस," बाबूजी म्हणाले.

धूर आला. अक्षता पडल्या. गुलाब फिरला आणि त्यातून ललित बाहेर आला. ललित भिंतीला टेकून उभा होता, पोरासारखा, मान खाली घालून.

मग रांगा सुरू झाल्या. पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे झोपलेले. दुसरीत प्राध्यापक. तिसऱ्या रांगेत कॅमेरा एका पांढऱ्या सदऱ्यासमोर थांबला. दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून, ताठ बसलेले बाबूजी! शेजारी डोक्यावर पदर घेतलेली ललितची आई. ती हसली, आणि तिची मूठ मांडीवर ड्रमच्या ठेक्यात पडत होती.

"बाबूजी, तुम्ही तर त्या दिवशी सुरतेला..." ललित टीव्हीजवळ सरकला.

बाबूजींनी टीव्हीवरची नजर काढली नाही. बोट मात्र वर केलं.

"ही साडी आपल्या दुकानची," ते म्हणाले. "आवाज वाढव जरा."